नेरिडाच्या गाडीचं पाणी

नेरिडा पास्कोला गाडी चालवताना पाहिलं नसेल, तर नेरिडाला पाहिलंच नाही म्हणायचं. वय बहात्तर, उंची जेमतेम. सीटवर दोन उशा टाकून बसते, तरी स्टिअरिंगच्या वरून नाही, मधूनच रस्ता बघते. गाडी जुनी लँड क्रूझर, तिच्या नवऱ्यानं, डेसनं घेतलेली. डेस गेला, मेंढ्या निम्म्यावर आल्या, घरात राहिल्या नेरिडा आणि क्रूझर. मी तिची शेजारीण. म्हणजे आमच्या दोन घरांमध्ये दीड तासाचा कच्चा रस्ता आहे, पण इकडच्या रानात त्याला शेजारच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी भांडतोय आणि अजून विषय संपलेले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात क्रूझरनं तिला दोनदा वाटेत बसवलं. दुसऱ्या वेळी मीच शोधून काढलं तिला. भर दुपार, बॉनेट उघडं, रेडिएटरमधून वाफ निघतेय आणि बाईसाहेब मल्गाच्या झुडपाच्या विरळ सावलीत बसून टोपीनं माशा हाकलतायत. मला बघून म्हणते कशी, उशीर केलास. मला असा संताप आला! तिला पाणी पाजलं, गाडीत घातलं आणि घरी आणून सोडलं.

बातमी ॲडलेडला तिच्या मुलीकडे गेली. मीच पोचवली, आणि त्याची मला जराही लाज नाही. लिओनी एकुलती एक. तिनं फोनवर सांगून टाकलं की आता बस झालं, मागची खोली रिकामी आहे, सामान बांध आणि इकडे ये. ती काही वाईट पोर नाही. फोन वाजला की ती घाबरते, आणि घाबरायलाच हवं. पण नेरिडा शहरात? एकदा आठवडाभर गेली होती. परत आली ती कुंपणापाशी जाऊन अर्धा तास नुसती रानाकडे बघत उभी राहिली. तिकडे नेऊन ठेवली असती तर वर्षभरात संपली असती, हे मला दिसत होतं आणि तिलाही.

म्हणून पैज तिनंच लावली. ईस्टरला लिओनीनं टपालाच्या विमानानं गावात उतरायचं, नेरिडानं तिला घ्यायला जायचं आणि क्रूझरनंच घाट चढून घरी आणायचं. "वाटेत एकदा जरी उकळली," ती फोनवर म्हणाली, "तर मी गुमान बॅग भरते." लिओनी लगेच हो म्हणाली. का नाही म्हणणार? ती गाडी सपाटीवर उकळत होती, तिथं घाटाची काय कथा!

नेरिडानं स्वतःच रेडिएटर उतरवला. चार बोल्ट आणि दोन नळ्या, त्यात काय एवढं, असं तिचं म्हणणं. तो माझ्या गाडीत टाकून आम्ही गावात क्लेम नॉस्केच्या शेडवर गेलो. सगळ्या जिल्ह्याचे रेडिएटर क्लेमच्या हातून जातात. हात चांगला आहे, पण तोंड त्याहून जास्त चालतं. फुटबॉलपासून सुरुवात करतो आणि आपण कशाला आलो होतो ते आपणच विसरतो. त्यानं म्हटलं, नवा मागवून देतो, ॲल्युमिनियमचा, वरची टाकी प्लॅस्टिकची. नेरिडानं साफ नाही म्हटलं. प्लॅस्टिक फुटलं की फेकायचं. पितळेला डाख तरी देता येतो. क्लेम खूश झाला. त्यानं बर्नर पेटवला, वरच्या पितळी टाकीचा जुना डाख वितळवला आणि टाकी उचलून बाजूला ठेवली.

आतल्या तांब्याच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या खड्यांनी बंद झालेली. क्लेम बोलायचा थांबला. क्लेम थांबला म्हणजे काहीतरी गंभीर, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं एक खडा खरवडला आणि नेरिडाच्या तळहातावर ठेवला.

"गाडीला पाणी कुठलं घालतेस?"

"कुठलं म्हणजे? बोअरचं."

"आणि चहाला?"

"चहाला पावसाच्या टाकीचं. चहाला कोणी बोअरचं घेतं का?"

"का नाही घेत?"

"किटली खराब होते, बाबा. पांढरा थर बसतो..." आणि नेरिडानं तळहातावरच्या खड्याकडे पाहिलं.

आमच्याकडे हे असंच आहे. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं, ते पिण्यासाठी. बाकी मेंढ्या, भांडी, अंघोळ, गाडी, सगळ्यांना बोअरचं खारट. पावसाचं पाणी गाडीत ओतणारा माणूस आमच्या रानात वेडा ठरेल. डेसच्या वडिलांनी तेच केलं, डेसनं तेच केलं. किटली जपली आणि इंजिन मारलं. मी दारातून माझ्या गाडीकडे एक नजर टाकली. तिच्यातही बोअरचंच.

नेरिडाचा चेहरा लाल झाला. ती क्लेमवरच उखडली, की तू आधी तीनदा गळती बुजवलीस, तेव्हा काय झोपला होतास? क्लेम म्हणाला, मी विचारलं होतं पाणी कुठलं, तू म्हणालीस साधं. मी साधं म्हणजे चांगलं समजलो. त्यावर मला हसू आवरेना.

पण त्यानं काम मन लावून केलं. तांब्याच्या नळ्यांची नवी जाळी बसवली, दोन्ही टाक्यांना डाख दिला, सगळी तोंडं बंद करून आत हवा भरली आणि रेडिएटर हौदात बुडवला. आम्ही तिघं हौदावर वाकून बुडबुडा येतोय का बघत होतो. आला नाही. निघताना क्लेमनं कूलंटचा डबा हातात दिला आणि बजावलं की इंजिन आतून आधी धुऊन घे, मग यात पावसाचंच पाणी मिसळ. दुसरं घातलंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

आता मुद्दा असा, की गेलं वर्षभर आमच्याकडे पाऊस नाही. माझी टाकी तळाला, तिचीही तळाला. मी म्हटलं, घेऊन जा माझ्याकडचं थोडं. ती म्हणाली, तुझं तू पी. पुढं काय केलं ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही विमानाला गेलो. मी साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर, बटाट्यांच्या पोत्यांमध्ये. लिओनी उतरली, आईला घट्ट मिठी मारली आणि पुढं बसल्याबरोबर तिची नजर गेली ती तापमानाच्या काट्यावर. उन्हानं पत्रा तापलेला, घाटात समोरून गरम वारा. पहिल्या वळणावर काटा मध्यावर. दुसऱ्यावर मध्याच्या जरा वर. नेरिडानं गिअर खाली घेतला आणि उशांवरून पुढं सरकली. मी देवाला फारसा त्रास देत नाही, पण त्या चढावर दिला. काटा तिथंच थांबला. माथ्यावर गाडी उभी करून आम्ही तिघी उतरलो, बॉनेटसमोर उभ्या राहिलो आणि वाफेची वाट बघितली. वाफ आलीच नाही.

"एकदा चढली म्हणजे नेहमी चढेल असं नाही," लिओनी म्हणाली. पैज हरल्यावर माणूस असंच बोलतो. पण तिच्या डोळ्यांत भीती होती, ती काही पैजेची नव्हती. नेरिडा गाडीत जाऊन बसली.

घरी पोचल्यावर नेरिडानं चहा केला. मी घोट घेतला आणि तो गिळायला मला कष्ट पडले. खारट, वर कसला तरी तवंग, दूध नासल्यासारखा. लिओनीनं विचारलं, आई, हे काय? नेरिडा म्हणाली, चहाचा पुडा नवीन आहे, वेगळा लागतो. खोटं बोलायला तिला कधी जमलंच नाही.

लिओनी कप ठेवून बाहेर गेली. खिडकीतून मला दिसत होती. टाकीपाशी जाऊन तिनं बोटाच्या पेरानं पत्र्यावर वाजवलं, लहानपणी वाजवायची तसंच, कुठपर्यंत पाणी आहे ते कळायला. वर पोकळ. मध्ये पोकळ. ती खाली वाकली, मग गुडघ्यांवर बसली आणि अगदी जमिनीलगत वाजवलं. तिथंही पोकळ. तशीच बसून तिनं मान वळवली आणि उभ्या क्रूझरकडे किती तरी वेळ बघत राहिली.

आत आली, खुर्ची ओढली आणि तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तोंडही वाकडं केलं नाही.

"आई, किती लिटर मावतं गं तिच्यात?"

"कशात?"

"गाडीत. पुढच्या महिन्यात मी रस्त्यानं येतेय. कॅन भरून आणते. तुझ्या चहाला वेगळे, तिला वेगळे. पाऊस पडेपर्यंत आणत जाईन."

"सोळा," नेरिडा म्हणाली, आणि रडायला लागली.