इसिकेलीचा बँड

सिगाटोका या बेटावरच्या गावी, किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून वाजवण्यात इसिकेलीचा उभा जन्म गेला. एके काळी चौघांचा बँड होता. ड्रमवाला सेवू न्यूझीलंडला फळं तोडायला गेला, बासवाला पाळक झाला आणि गिटारवाला पेनी साखरेच्या आजाराने आधी पायाला, मग जिवाला मुकला. उरला इसिकेली आणि त्याचा स्वस्तातला प्लास्टिकचा कीबोर्ड.

पण त्या कीबोर्डात त्याने तिघांनाही बसवलं होतं. सेवूचा किंचित मागे रेंगाळणारा ठेका, बासची चाल, पेनीचा झपाझप हात, सगळं आठवून आठवून पट्ट्यांवर वाजवलेलं आणि आत साठवलेलं. बटण दाबलं की पाठीशी बँड उभा राही. त्याच्याच भरवशावर शुक्रवारी तो एका मोठ्या हॉटेलात कामासाठी वादनाची परीक्षा द्यायला जाणार होता. त्यांना एकटा वादक हवा होता. या वयात पुन्हा कोणी बोलावेल, अशी आशा नव्हती.

सोमवारी आतेभाऊ वेरेती आला. आतेमामेभाऊ भेटले की थट्टा आलीच.

"काय रे म्हाताऱ्या, अजून पुरलं नाही तुला कोणी?"

"तुझ्या खांद्यासाठी थांबलोय. पण कामाच्या वेळी तू सापडतोस कुठे?"

हसता हसता वेरेतीने यांगोनाच्या, कुटून पेय करतात त्या मुळ्यांची जुडी चटईवर ठेवली आणि आवाज खाली आणला. "बुधवारी आमच्या चर्चच्या गायकांची स्पर्धा आहे. तुझा बाजा हवाय. गुरुवारी दारात आणून देतो."

जुडीला हात लावला की होकार. न लावावा तर नातं तुटलं. आत त्याची बायको लोसेना हिच्या भांड्यांचा आवाज थांबला. इसिकेलीने हात लावला. 'आतलं काही हलवू नका,' हे शब्द ओठांवर आले होते. पण देताना अट घालणं म्हणजे न देणंच.

वेरेती बाजा घेऊन गेल्यावर लोसेना बाहेर आली. "आतल्या बँडची दुसरी प्रत आहे ना?"

"काढणारच होतो."

गुरुवारी वेरेती शब्दाला जागला. कीबोर्ड पुसून लख्ख केला होता.

"जिंकलो आम्ही. आणि तुझंही काम केलंय. आत काय काय भरून ठेवलं होतंस? ऐन प्रार्थनेत ड्रम वाजला, पाळकबुवासुद्धा हसले. आमच्या गाण्याच्या मास्तरांनी सगळं पुसून दुकानातून आणल्यासारखा करून दिलाय."

इसिकेलीने बटण दाबलं. घड्याळासारखा सरळ, दुकानी ठेका वाजला.

"कसा झालाय?"

"नवा झालाय," इसिकेली म्हणाला. "बस, यांगोना पिऊन जा."

शुक्रवारी तो हॉटेलात परीक्षेला गेला. वाजवताना सवयीने मागे रेंगाळला, की यंत्र पुढे निघून जाई. हॉटेलच्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "छान वाजवता, काका. पण हाच ठेका काल आलेल्याच्या बाजातही होता, आणि तो गातोसुद्धा."

घरी लोसेनाने जेवण वाढलं. "पुन्हा बसव त्यांना. वेळ आहे आता."

तो कीबोर्डापुढे बसला. पेनीपासून सुरुवात करावी म्हणून त्याने डोळे मिटले. आठवत होता तो आवाज त्याने स्वतः वाजवून या यंत्रात भरलेलाच होता. त्यामागे पेनीचा खरा हात कसा चाले, ते काही केल्या त्याला आठवेना.