उभ्यानं सांगितलेला वाघ

बायनाबाईला वाघाचा वास यायचा. तुम्हा-आम्हाला दहा पावलांवर आला तर नशीब, तिला अर्ध्या कोसावरून यायचा. नव्या तांदळाचा भात शिजावा तसा वास, असं ती सांगे. तो आला की तिच्या पायांतलं बळ जायचं आणि ती असेल तिथं मटकन खाली बसायची. मग मागच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन गुमान घरी वळायच्या. चिमूरपासून आत, जंगलाला खेटून असलेल्या त्या गावात तेरा वर्षं मोहफुलं वेचताना एकाही बाईला ओरखडा आला नव्हता.

लोक अशा देणगीला हात जोडतात. जिच्या गळ्यात पडते तिला कोण विचारतं? बायनाच्या घरात नवा तांदूळ कधी शिजला नाही. भांड्याला वाफ आली की ती चुलीपुढंच बसकण मारायची. मोहाच्या दिवसांत तिला आजारी पडायची सोय नव्हती. ताप भरला तर बायका तिला दंडाला धरून न्यायच्या, वर मायेनं म्हणायच्या, "बाई, तुमी फक्त चाला." माहेरी भाऊ गेला, तेव्हाही ती मोहाखालीच होती.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात वरोऱ्याहून निरोप आला. लेक रंभा दवाखान्यात, पहिलटकरीण, आईला बोलवा म्हणून हट्ट धरून बसलेली. इकडं मोह नुसता सांडत होता. बायका कशाला सोडतात? सकाळी रानाच्या तोंडाशी बायना थांबली आणि या बाबतीत पहिल्यांदाच खोटं बोलली.

"वाघ हाय वं. तीन दिस कोनी जाऊ नोका."

सगळ्या वळल्या. गिरजा तेवढी रेंगाळली. दोघी एकाच गावच्या लेकी, लहानपणापासून एकमेकींना ओळखून.

"उभ्यानंच सांगतलं तुनं," गिरजा हसत पुटपुटली. "जा वं, पोरीपाशी जा. मी कोनाले सांगत नाई. आपल्या झाडाखालचं मात्र वेचून घेतो, वाया काऊन घालू?"

बायनालाही हसू आलं. आपली लबाडी एकीला तरी कळली, याचं तिला बरंच वाटलं. तिनं अडवलं नाही; वाघ नव्हताच तर अडवायचं कशाला? एसटी आली, ती चढली.

रंभाला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी गावचा माणूस दवाखान्यात आला. गिरजाला आदल्या सकाळी वाघानं नेलं होतं, तिच्याच मोहाखालून, ती ओणवी होऊन वेचत असताना. टोपली अर्धी भरली होती म्हणे.

बायना गावी परतली तर लोक पाया पडायला दारात. बाईनं बजावलं होतं, गिरजानंच ऐकलं नाही! गिरजा हट्टी ठरली, हावरी ठरली, तिच्या घरचेसुद्धा तसंच म्हणू लागले. बायनानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मला तिचा राग येतो, पण तिच्या जागी मी तरी काय बोललो असतो?

त्या दिवसापासून तिचं नाक मेलं. तिनं मुद्दाम नवा तांदूळ शिजत घातला, वाफेवर तोंड धरलं, गाल पोळले, पण वास आला नाही. कानात मात्र गिरजाचं हसणं चालूच. भांडी घासताना, नातीला झोका देताना, "उभ्यानंच सांगतलं तुनं."

पुढच्या एप्रिलात गिरजाची सून रुखमा टोपली घेऊन दारात उभी राहिली.

"चाला बाई. सासूनं ऐकलं नाई. मी तुमचं ऐकन."

सांगून टाकावं असं बायनाच्या ओठांवर आलं होतं. पण रुखमानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

रानाच्या तोंडाशी तिनं सगळ्यांना थांबवलं. "इथीच राहा. मी हाक मारली का या."

पूर्वी ती बायकांच्या हाताच्या अंतरावर चालायची. आता रोज एकटी पुढं जाते. गिरजाच्या मोहाखाली पोचली की ओणवी होते, जंगलाकडं पाठ करून, आणि बराच वेळ तशीच राहते. काही झालं नाही, की मगच त्यांना हाक मारते.