अवसेची सुट्टी

अख्ख्या बीड जिल्ह्यात अमावस्येकडे डोळे लावून बसणारी माणसं दोनच प्रकारची: एक मांत्रिक आणि दुसरे आमचे मामा. मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे त्यांनाही मामाच म्हणतात. माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या एका आडत दुकानात ते मुनीम आहेत, आणि त्यांचं दुकान बंद असतं ते फक्त अमावस्येला. रजा मागितली की शेठ म्हणतात, "सोयाबीन संपू द्या." सोयाबीन संपते तोवर तूर येते. शेवटी मामांनी एका दिवसात जाऊन येता येईल तेवढा देश अमावस्येलाच पाहायचं ठरवलं. त्या दिवशी शहाणी माणसं प्रवास टाळतात, त्यामुळे गाडीत हातपाय पसरून झोपायला मिळतं. "देवानं माझ्यासाठीच राखून ठिवलाय बे हा दिवस," असं ते मला सांगतात.

आदल्या संध्याकाळी दुकानाचं शटर पडलं की मामा तिथूनच स्टँडवर. जायची रात्र गाडीत, यायची रात्र गाडीत, आणि सकाळी कपडे झटकून थेट दुकानाच्या गादीवर. मांजरसुंब्याला गाडी थांबली की सगळे ढाब्यात चहाला शिरतात. मामा तेवढ्यात चौकाला फेरी मारून येतात, कारण त्यांची सुट्टी माजलगावातच सुरू झालेली असते. भाकरी-ठेचा ते चालता चालता खातात. "बसून जेवलं की सुट्टी ताटातच संपती."

एवढी घाई करणारा माणूस पोचल्यावर मात्र जागचा हलत नाही. एकदा मला वेरूळला घेऊन गेले आणि कैलास लेण्यातल्या सोंड मोडलेल्या दगडी हत्तीसमोर ठाण मांडून बसले. मी म्हटलं, "मामा, अजून सगळी लेणी राहिलीत." म्हणाले, "सगळी बघायला माझी काय परीक्षा हाय? ह्याची तर वळख होऊ दे." मी चिडून एकटाच भराभर सगळं पाहून आलो. आज मला त्यातलं काही धड आठवत नाही. मामा मात्र तो हत्ती अजून कानापासून शेपटापर्यंत सांगतात.

सांगतात ते आत्याला, कारण आत्या अवसेला वेस ओलांडत नसे. मामा निघाले की ती त्यांच्यावरून लिंबू उतरवून टाकायची, आणि ते परत येईपर्यंत तिला घास गोड लागत नसे. मामांनी सगळं एकट्यानं पाहिलं, पण समुद्र तेवढा राखून ठेवला. "तो हिच्याबिगर बघायचा न्हाई," म्हणायचे. दोघांचीही साठी उलटली. ना दुकानाची सुट्टी बदलली, ना आत्या. समुद्र आता राहूनच जाणार, असं वाटून मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि तिला समोरच्या कडुलिंबाचं पान न् पान वेगळं दिसायला लागलं. काही दिवस ती अंगणात नुसती बघत बसली. मग एकदा म्हणाली, "आवं, डोळे हायेत तवर तुमचा समुद्र बघून येऊ का?"

मामा चाचरत म्हणाले, "पण सुट्टी अवसेलाच हाय की."

"आसू द्या. तुमाला आजवर कुटं काय झालं?"

पिशवी उचलायला मीही बरोबर होतो. गाडीत चढताना आत्यानं ड्रायव्हरच्या हातात लिंबू दिलं. तो हसला, पण त्यानं ते मुकाट्यानं आरशाजवळ ठेवलं. अलिबागला पोचलो तेव्हा अमावस्येची मोठी भरती होती. मामांना वाटलेलं, वाळू तुडवत बरंच चालावं लागेल. पण समुद्रच बराच अलीकडे आला होता. आत्या पदर खोचून पुढे झाली. लाटेनं गुडघ्यापर्यंत भिजवलं तशी ओरडली, "अगं बया, ह्याला कुणी आवरत न्हाई का?" आणि इतकी हसली की तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मामा तिच्या चपला हातात धरून उभे होते.

"आता पुढच्या अवसेला कुटं जायाचं?" तिनं मागे वळून विचारलं.

मामा चपला काखेत मारून बोटांवर अवसा मोजायला लागले. एकट्यानं पाहिलेलं सगळं आता तिला दाखवायचं होतं, आणि अमावस्या महिन्यातून एकदाच येते.