दंड, बंद दारे आणि देवस्थळीबाई

प्रा. मालती देवस्थळी यांना मी प्रथम पाहिले ते डोंबिवलीतील त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या पिंपात टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधताना. साथी कशा पसरतात याचे गणित शिकायला मी गेले होते. माझी वही चाळून त्यांनी विचारले, "यातली माणसं पाणी कधी भरतात?" माझ्या वहीत फक्त समीकरणे होती. "मग आधी ते विचारून या."

बाई आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात गोड लिहावे, अशी संपादकांची सूचना आहे. मला ते जमणार नाही.

डोंबिवलीजवळच्या शहाडला डेंग्यू वाढला तेव्हा, अळ्या सापडतील त्या घराला दंड करायचे ठरले. अधिकाऱ्यांनी बाईंचा अंदाज मागवला, तेव्हा त्यांनी बैठकीत हिशेबच मांडला: पाणी दिवसाआड येते तोवर पिंपे राहणारच, दंड लावलात तर लोक तपासणीला दार उघडणार नाहीत आणि साथ उलट वाढेल. एक अधिकारी हसले. "मॅडम, लोकांना भीतीचीच भाषा कळते."

"कळते ना," बाई म्हणाल्या. "म्हणूनच ते दार लावून घेतील."

कोणी ऐकले नाही. शेजारी बसलेली मीही गप्प राहिले, याची लाज मला अजून वाटते.

दंड सुरू झाल्यावर आम्ही दोघी तिथल्या एका चाळीत गेलो. तिथे राहणाऱ्या सुनंदाताईंनी दार किलकिले केले. "पिंप नाय आमच्याकडे. पुढे बघा." मागे चादर टाकलेले पिंप दिसत होते.

"दंड नाही हो, ताई. जाळीचं झाकण देते फक्त," बाई म्हणाल्या. दार बंद झाले.

पुढच्याच आठवड्यात सुनंदाताई डेंग्यूने गेल्या. सरकारी अहवालात साथ वाढल्याचे कारण आले: 'नागरिकांचे असहकार्य'.

बाई तो कागद घेऊन त्याच अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. "हे वाक्य खोडा. ती असहकार्य करत नव्हती, तुम्हाला घाबरत होती."

वाक्य खोडले गेले नाही. मग बाई दर आठवड्याला त्या चाळीचे जिने चढू लागल्या. झाकणे त्या स्वतः शिवत. सुनंदाताईंच्या यजमानांनी पहिले दार उघडले. हळूहळू बाकीची उघडली, आणि तिथला ताप ओसरला. दंडही गुपचूप मागे घेतला गेला. चूक मात्र कोणी कबूल केली नाही.

बाई, खूप जगा, धडधाकट राहा. अंदाज मागून घेऊन तो केराच्या टोपलीत टाकणाऱ्यांवर असेच संतापत राहा. आम्हीही संतापायला शिकतो आहोत.