ओल्या फडक्याची साक्ष

खडकांचं गोदाम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पेटीमावशी म्हणत. जमिनीत खोल भोकं पाडून काढलेले दगडाचे दांडे लांबट पेट्यांत ओळीनं लावायचे, हेच त्यांचं बावीस वर्षांचं काम. घरी चमचा जागेवर सापडायचा नाही. इथं मात्र चारशे फूट खोलीवरचा दगड मागा, डोळे मिटून काढून देत.

"सासूबाईंना दगडांचीच माया," सून टोमणा मारायची.

"दगड उलटून बोलत नाहीत गं!"

सात भोकं पाडून झाली, युरेनियम काही हाती लागेना. वरून हुकूम आला: आठवं भोक शेवटचं. तेही रिकामं गेलं तर गोदामाला टाळं आणि पेट्या खड्ड्यात.

तरुण भूवैज्ञानिक साहेब नकाशापुढे डोकं धरून बसले होते. गणित सोपं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी पावसाचं पाणी वाळूच्या दगडातून झिरपत गेलं, युरेनियम विरघळवत. त्याच्या वाटेवरचा दगड गंजल्यासारखा तांबडा पडला. पुढे कुजक्या पाल्याचा करडा थर आडवा आला, पाण्यातला प्राणवायू संपला आणि युरेनियमनं तिथंच बैठक मारली. म्हणजे तांबडं-करडं जिथं भेटतं, तिथंच घबाड. नोंदी सांगत होत्या, ही शीव ओळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकांच्या मधे.

"तिसऱ्याचा दगड ओला करून पाहिला होता का, साहेब?"

"नोंदीत करडा लिहिलाय, मावशी."

"लिहिणाऱ्यानं दगड नाही, धूळ पाहिली. अशानं माझ्या घरचं कपाटही करडंच!"

मावशींनी ओलं फडकं फिरवलं. तिसऱ्याचा दगड विटेसारखा तांबडा निघाला. चौथ्याचा पुसला, तो करडाच राहिला. शीव एक घर पुढे सरकली होती.

"आणि चुकलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला दुसरी नोकरी मिळेल. पेट्या माझ्या जातील. पाडा!"

तिसऱ्या-चौथ्याच्या मधे यंत्र नवव्या दिवसापर्यंत कुरकुरत राहिलं. मग दांडा वर आला: वर तांबडा, खाली करडा, मधे हातभर काळा पट्टा. साहेबांनी किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र जवळ नेलं मात्र, ते तडतडत सुटलं. यंत्रवाल्यानं भोंगा दाबला तो सोडेचना. साहेब चिखलात फतकल मारून हसत होते.

मावशींनी पेटीवर ठसठशीत आठ लिहिला. "हसून झालं की पेट्यांसाठी चार नव्या मांडण्या मागवा. जागा पुरायची नाही."

घरी सुनेनं चेहरा पाहूनच ओळखलं. "आज दगड बोलले वाटतं?"

"बोलले कसले? ओरडले!"