शिरोरेघेतली लहर

पेंटरची थोरली लेक नेमकं काय काम करते, हे गल्लीत कुणालाच धड सांगता येत नसे. ‘कॉम्प्युटरवर टायपिंग करते,’ म्हणून लोक मोकळे व्हायचे. समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडला होता.

जुन्या पाट्यांवरची अक्षरं पाहून नवे फॉन्ट घडवायचे, हा तिचा धंदा. इतरांची अक्षरं करून झाली, आता तिने बापाच्या अक्षराला हात घातला होता. एकेकाळी बाजारातल्या निम्म्या पाट्या पेंटरच्या हातच्या. मग छापील फलक आले आणि त्याने ब्रश खाली ठेवला. कॉम्प्युटरने आपल्या पोटावर पाय दिला, असं तो येईल त्याला ऐकवायचा. लेक त्याच कॉम्प्युटरवर पोट भरते म्हणून तिच्याशी कामाबद्दल अवाक्षर बोलत नसे. हे तिला फार लागायचं. एकदा तरी त्याने आपलं काम बघून मान डोलवावी, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

पेंटरच्या भरभराटीतल्या पाट्या कधीच भंगारात गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या अगदी शेवटच्या, शिंप्याची, घड्याळवाल्याची, बंद पडलेल्या छापखान्याची. त्यांच्यात एक गंमत होती. शिरोरेघ सरळ न जाता बारीक लहरत जायची, उभ्या दांड्यालाही तीच लहर. लेक त्या लहरीवर बेहद्द खूश होती. ब्रशने कागदावर अक्षर काढायचं, मग स्कॅन करून पडद्यावर घ्यायचं. रेघ गुळगुळीत करायची सोय प्रोग्रॅममध्ये होती, पण त्या सोयीला तिने हात लावला नाही. बापाची खूणच पुसायची, तर फॉन्ट करायचा कशाला?

सुरुवातीला लहर काही जमेना, नाटकी वाटायची. रद्दीचे ढीग झाले. या हिवाळ्यात मात्र ती आपोआप उतरू लागली. हात बसला, या आनंदात ती तहानभूक विसरून कामाला लागली. ङ, ञ अशी कुठल्याच पाटीवर नसलेली अक्षरंही तिने मनाने काढली.

सगळी अक्षरं छापून तिने बापापुढे ठेवली. हल्ली त्याला कपही धरता येत नसे, आई चहा पाजायची. वय झालं, असं घरात सगळे म्हणत. त्याने कागद मांडीवर पसरून घेतला.

“ही रेघ अशी का?”

“तुमचीच लहर आहे ती, बाबा.”

पेंटरने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याने खाली मान घालून सांगून टाकलं. लहरबिहर काही नव्हती, हात कापायचा. त्याच्या वडिलांचाही असाच कापायचा. रेघ सरळ येईना म्हणून ब्रश ठेवला, छापील फलकांचं आयतं निमित्त मिळालं. कॉम्प्युटरने त्याचं काहीच वाकडं केलं नव्हतं.

इतक्या वर्षांचा अबोला फुकटच गेला म्हणायचा. तिला भडभडून आलं, रागही आला. पण त्याचा चेहरा बघून तिने सगळं गिळलं आणि त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, “असू दे, बाबा. मला तर ते आवडतं. हा ङ बघा, पाटी समोर न ठेवता काढलाय. आता आपोआप येतं.”

पेंटरने कागद डोळ्यांजवळ नेला.

“ब्रशने काढलास?”

“हो.”

“हात पुढे कर. बोटं ताण.”

तिने हसत हात पुढे केला. बोटांची टोकं हलत होती, अगदी बारीक. तिने ती थांबवून पाहिली, थांबेनात. पेंटरने आपल्या दोन्ही हातांत तिचा हात घट्ट धरला, पण त्या हातांनी तो स्थिर कुठून व्हायचा.