निधनाचं पान

मोठेबाबा गेल्याची तार आली तेव्हा बाबा जेवायला बसले होते. मोठेबाबा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. मी तार वाचून दाखवली. घास खाली ठेवून बाबा म्हणाले, "पान येईल ना. आलं की पाहू." मग तोच घास उचलून तोंडात घातला. जबलपूरहून नागपूर काही परमुलूख नाही, गाडी होती, वेळेवर पोचता आलं असतं... ते गेले नाहीत. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा अग्नी मोठीआईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भाच्यानं दिला. याला आता दीड महिना झाला. बाबांनी भावाचं सुतक धरावं, निदान त्याच्या नावानं एकदा अंघोळ करावी, एवढ्यासाठी आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मोठेबाबा वक्तशीर होते. नागपूरच्या धंतोलीतल्या घरात समोरच्याच खोलीत त्यांनी कचेरीच्या भंगारातून आणलेलं सायक्लोस्टाईलचं यंत्र ठेवलं होतं आणि त्यावर दर महिन्याला ते सगळ्या गणगोतासाठी 'खबरबात' काढत. चार सुटी पानं असत: पाळणा, लग्न, नोकरी-बदली आणि निधन. ज्याला जे पान नको असेल त्यानं कार्ड टाकून कळवायचं, म्हणजे ते त्याच्या पाकिटात जायचं नाही. लग्नाच्या मुली घरात बसलेले बाप लग्नाचं पान बंद करत, म्हातारी माणसं निधनाचं. सोय चांगली होती, म्हणूनच घात झाला. हळूहळू लोकांनी एकमेकांना पत्रं लिहिणं सोडलं. 'खबरबात'मध्ये येईलच, मग कशाला कार्ड खर्चा? अशा रीतीनं सगळ्या खानदानाच्या नाड्या एका माणसाच्या हातात गेल्या, आणि तो माणूस मोठेबाबा होता.

माझ्या वेळी आई गरोदर होती तेव्हाची गोष्ट. तिचं आधीचं बाळ राहिलं नव्हतं. अशा बाईच्या कानावर वाईट खबर नको म्हणून बाबांनी निधनाचं पान बंद करायला कळवलं. मी झाले, आणि त्या आनंदात ते पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. मी बसती झाल्यावर, दिवाळीला, मला आजीला दाखवायला म्हणून दोघं नागपूरला गेले. पुढचं मला आईनं इतक्यांदा सांगितलं आहे की मी ते पाहिलंच असं वाटतं. मोठेबाबा दारात उभे होते.

"आईले बोलाव ना दादा, नात आणली तिची."

"आई तं वारली गा वसंता. श्रावणातच."

बाबांनी मला आईकडे दिलं. मग ते म्हणाले, "अन् मले काहून नाही कळवलं?"

"पानात होतं. तूच बंद करून ठेवलं, मी काय करू?"

बाकीच्या नातेवाइकांना वाटलं होतं, धाकट्याला रजा मिळाली नसेल. आईबापाचं सुतक कळलेल्या दिवसापासून धरतात. बाबांनी त्या घरात पाणीही घेतलं नाही. परत येऊन डोक्याचा गोटा केला आणि बाहेर फटाके फुटत असताना दहा दिवस घोंगडीवर काढले. अकराव्या दिवशी त्यांनी भावाला कार्ड लिहिलं: यापुढे फक्त निधनाचं पान पाठवावं, बाकी सर्व बंद. मोठेबाबांनी तेही इमानेइतबारे पाळलं. त्यामुळे माझ्या लहानपणी आमच्याकडे नातेवाईक नुसते मरायचे. कुणी जन्मल्याचं, कुणाचं लग्न झाल्याचं कधी कळलं नाही. बाबांची एखादी मामेबहीण होती हे ती गेल्यावरच समजायचं.

पुढे कॉलेजसाठी मला त्याच घरात राहावं लागलं. तिथं पाहिलं, हे काही आमच्यापुरतंच नव्हतं. उमरेडच्या आत्याची मुलं जगत नव्हती, तरी तिच्या पाकिटात मोठेबाबा दर महिन्याला पाळण्याचं पान घालत. मी म्हटलं, नका पाठवू तिला. "तिचं कार्ड नाही आलं," ते म्हणाले. असं कार्ड कोणती बाई लिहील? त्यांना ते ठाऊक होतं. त्या रागात मी विचारून टाकलं, "आजीची तार काहून नाही केली?"

यंत्राचा रूळ फिरवता फिरवता ते थांबले. "सहा महिने तिचं हागणं-मुतणं मी काढलं. अन् आई रोज सांजेले विचारे, वसंता आला का... मी समोर बसून राहिलो तरी विचारे. मग म्हटलं, त्याले बी समजू दे, आई नसणं काय असते ते." आणि पुन्हा रूळ फिरू लागला. मला त्यांची कीव आली आणि किळसही आली. किळस जास्त होती, आजही जास्तच आहे.

तेराव्याला मी एकटी नागपूरला गेले. मोठीआई म्हणाली, "तुह्या बापाले पान पाहिजे ना? तं काढ वं पान." मी स्टेन्सिल कोरलं, तिनं रूळ फिरवला, एकच प्रत काढली. शाई जागोजागी फुटली होती. घरी येऊन ती बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"हे दादाचं अक्षर नाही."

"ते आता कुठून लिहितील, बाबा?"

"मंग मले नाही कळलं," ते म्हणाले. पान उलटून पाहिलं. "मागून कोरं आहे. तुह्या आईले दुधाच्या खुणा कराले होईल."

मरणाची खबर वाचली की फाडून टाकायची, घरात ठेवायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. आमच्या स्वयंपाकघरात ती खिळ्याला टांगलेली आहे. मोठेबाबांचं नाव भिंतीकडे आहे, दूध आमच्याकडे. आई रोज सकाळी त्यावर एक रेघ ओढते. महिना संपला तेव्हा तिनं ते काढायला हात घातला, तर बाबा म्हणाले, राहू दे, अजून जागा आहे.